अंतरपाट : बॅटरीतल्या पडद्याची गोष्ट

आमच्या लहानपणी विजेरीतले सेल संपले म्हणून लगेच फेकले जात नसत. आधी ते दोन दिवस उन्हात ठेवायचे. त्यावर आणखी दोन-तीन रात्री गोठ्यापर्यंत जाऊन येण्यापुरता पिवळट उजेड मिळायचा. मग सेलांनी खरोखरच मान टाकली की ते मुलांच्या ताब्यात यायचे. दगडाने ठेचून आतली काळी कांडी काढायची, तिने फरशीवर आणि भिंतीवर रेघोट्या मारायच्या, काळ्या भुकटीने हात आणि सदरे बरबटवून घ्यायचे आणि त्याबद्दल मार खायचा, हा क्रम ठरलेला. जस्ताची डबी आणि ती काळी भुकटी यांच्यामध्ये एक ओलसर, बुळबुळीत कागद असायचा. त्याचे काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून तो फेकला जाई. प्रस्तुत लेख त्या फेकलेल्या कागदाविषयी आहे.

कोणत्याही विद्युत्‌घटात दोन अग्रे असतात आणि त्यांच्यातली रासायनिक ओढ हाच विजेचा उगम. ही ओढ सरळ भागू दिली, म्हणजे दोन्ही पदार्थ एकमेकांना थेट भिडू दिले, तर वीज मिळत नाही. नुसती उष्णता मिळते, कधी जाळही. म्हणून मध्ये आडपडदा लागतो. पण तो भिंतीसारखा बंद असूनही चालत नाही. आयन, म्हणजे विद्युत्‌भारित अणू, त्यातून पलीकडे गेलेच पाहिजेत. इलेक्ट्रॉनांना मात्र तिथून वाट नाही. त्यांनी बाहेरच्या तारेने, दिव्यातून किंवा मोटारीतून वळसा घालून जायचे. लग्नातला अंतरपाट मंगलाष्टके संपली की दूर होतो. घटातला अंतरपाट दूर झाला की मंगल काही उरत नाही. इंग्रजीत याला सेपरेटर म्हणतात आणि आपल्याकडेही कारखान्यांतून तोच शब्द रुळला आहे.

बॅटरीचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते तो बहुधा अग्रांचा इतिहास असतो. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. तिघांचे मुख्य काम अग्रांवरचे. पडद्याच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. हे मला केवळ अपुरे नव्हे, तर दिशाभूल करणारे वाटते. शुद्ध लिथियम धातूची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी पन्नास वर्षे जिथे अडून बसली आहे ती जागा धातूच्या पृष्ठभागावर, पडद्याला लागूनच आहे.

पडदा पहिल्या दिवसापासून होता. अलेस्सांद्रो व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी कोमोहून रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना पत्र लिहून आपल्या चवडीचे वर्णन कळवले. चांदीची चकती, जस्ताची चकती आणि दर जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा चामडे. चवड उंच केली की वरच्या चकत्यांच्या वजनाने पुठ्ठे पिळले जात, पाणी कडेने ओघळे आणि घट आपल्याच ओलाव्यातून आतल्या आत जोडला जाई. म्हणजे जगातल्या पहिल्या बॅटरीचा एक मोठा दोष हा पडद्याचा दोष होता.

पुढे १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने तांबे आणि जस्त यांचे द्रव वेगळे ठेवायला आधी बैलाची अन्ननलिका वापरली आणि नंतर न भाजलेल्या नव्हे, पण न चकाकवलेल्या मातीचे सच्छिद्र भांडे. आपल्या माठासारखेच ते. पाणी पाझरते पण वाहत नाही. या भांड्याला एक रोग जडे. हळूहळू त्याच्या छिद्रांतच तांबे साचू लागे, भांडे तडके आणि घट निकामी होई. पडद्याच्या छिद्रांत धातू उगवणे हे दुखणे तेव्हापासूनचे आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे तेच दुखणे मोठ्या रूपात भेटणार आहे. मातीच्या भांड्याला पर्याय म्हणून इटालियन मिनोटोने दोन द्रवांमध्ये वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर घातला. हिंदुस्थानच्या तार खात्याने हे घट बराच काळ चालवले. आपल्याकडचे मरणाचे, जन्माचे आणि बाजारभावाचे कितीतरी निरोप भुशाच्या थरातून गेले आहेत.

१८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते याने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि पुन्हा भरता येणारी पहिली उपयुक्त बॅटरी केली. तिच्या वंशजांत पुढे दीर्घकाळ देवदाराच्या जातीच्या लाकडाचे पातळ तक्ते पडदा म्हणून बसवले जात. आधी ते अल्कलीत उकळून त्यातले आम्ल आणि राळ काढून टाकत. मग रबर आले, मग प्लॅस्टिक. या भागात रेंगाळण्यासारखे फारसे नाही. आपल्या विजेरीच्या कागदापाशी मात्र थांबले पाहिजे. लक्लांशेच्या ओल्या घटाचा कोरडा सेल झाला तेव्हा जस्त आणि काळी भुकटी यांच्यात गव्हाचे पीठ आणि मक्याचे स्टार्च यांची खळ भरली जाई. भिंतीवर जाहिराती चिकटवायला वापरतात तशीच खळ. पुढे कारखानदारांच्या लक्षात आले की सगळी पोकळी खळीने भरण्यापेक्षा कागदालाच खळीचा पातळ लेप दिला तर जागा वाचते आणि सेल जास्त चालतो. तोच तो बुळबुळीत कागद. लेप दिलेला सेपरेटर ही कल्पना आज संशोधन-पत्रिकांतून नवलाईची म्हणून मांडली जाते. ती आमच्या गोठ्याच्या वाटेवर तेव्हाच उजेड पाडत होती.

चांदी-जस्त बॅटरीची कहाणी या लेखाच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारी. वजनाच्या मानाने तिच्यातून भरपूर वीज मिळे, पण ती पुन्हा भरायला गेले की जस्त सुयांसारखे वाढून पलीकडे पोचे, आणि इकडून चांदीचे आयन विरघळून जस्ताकडे येत. फ्रेंच संशोधक आंरी आंद्रे याने १९४० च्या सुमारास त्यावर उपाय काढला तो सेलोफेनचा, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात त्याच पारदर्शक कागदाचा. सेलोफेन नुसता अडसर नव्हता. येणाऱ्या चांदीला तो स्वतःवर झेलायचा, तिच्याशी रासायनिक क्रिया करून काळा पडायचा आणि झिजत जायचा. म्हणून त्याचे अनेक थर घालत. एक थर खर्ची पडला की पुढचा उभा. १९५७ चा पहिला स्पुट्निक चांदी-जस्त बॅटरीवर बोलत होता आणि चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांतही हीच बॅटरी होती. पडदा स्वतः झिजून घटाला वाचवू शकतो, ही कल्पना इथली.

आता लिथियम. १८१७ मध्ये स्वीडनच्या उटो बेटावरच्या पेटालाइट खनिजात योहान ऑगस्ट आर्फ्वेडसनला ते सापडले. धातूंत सर्वांत हलके, पाण्याच्या निम्म्याच वजनाचे, चाकूने कापता येईल इतके मऊ आणि इलेक्ट्रॉन देऊन टाकायला अतिशय उतावीळ. एक ग्रॅम लिथियम तत्त्वतः ३,८६० मिलिॲम्पिअर-तास विद्युत्‌भार देते. आज आपल्या फोनमध्ये ऋणाग्र म्हणून असणारे ग्रॅफाइट ग्रॅमला ३७२ च देते, कारण एका लिथियम अणूला सांभाळायला तिथे सहा कार्बन अणू लागतात. फरक दसपटीचा आहे. लिथियम धातूचा मोह का सुटत नाही ते या दोन आकड्यांत आहे.

पाण्याशी त्याचे जमत नाही, म्हणून सेंद्रिय द्रव शोधावे लागले. १९५८ मध्ये बर्कलीत विल्यम हॅरिसच्या प्रबंधाने ती वाट दाखवली. एकदाच वापरायच्या लिथियम सेलांचे त्यानंतर छान चालले. १९७२ पासून हृदयाच्या पेसमेकरमध्ये लिथियम-आयोडीन सेल बसवू लागले, त्यात तर पडदा घालावाच लागत नाही: लिथियम आणि आयोडीन भिडले की त्यांच्या सीमेवर लिथियम आयोडाइडचा पापुद्रा आपोआप तयार होतो आणि तोच अंतरपाट होतो, फाटला तरी पुन्हा धरतो. इतका देखणा पडदा माणसाला मुद्दाम करता आलेला नाही. पण तो सेल अगदी सूक्ष्म प्रवाह देतो आणि उलटा भरता येत नाही.

अडचण उलटे भरण्यातच होती. सेल वापरताना लिथियम विरघळून पलीकडे जाते. भरताना ते परत येऊन धातूच्या पत्र्यावर बसले पाहिजे. बसते, पण सारखे बसत नाही. लिथियमच्या पृष्ठभागावर द्रवाशी झालेल्या क्रियेतून एक कातडी धरलेली असते. इस्रायली शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये तिची संकल्पना नीट मांडली. ही कातडी कुठे पातळ, कुठे जाड. जिथे पातळ तिथे आयनांची गर्दी, तिथे उंचवटा, आणि उंचवट्यावर पुन्हा जास्त गर्दी. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरावे तसे लिथियम धरते. कधी शेवाळासारखे गुबगुबीत, कधी सुईसारखे, कधी फांद्या फुटलेले. त्याला झाडाच्या ग्रीक शब्दावरून डेंड्राइट म्हणतात. त्याची एक सुई पडदा ओलांडून पलीकडे टेकली की आतल्या आत शॉर्ट सर्किट, उष्णता आणि मग पेट घेणारा द्रव. सुई पोचली नाही तरी नुकसान आहेच. सेल वापरताना ती मुळाशी आधी विरघळते, वरचा शेंडा तुटून तरंगत राहतो आणि कायमचा बाद होतो. त्याला ‘मृत लिथियम’ म्हणतात.

एक्झॉनच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत व्हिटिंगहॅमने १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातूची बॅटरी केली. १९७६ मध्ये ती ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. नोबेल समितीने दिलेल्या हकिकतीत असे आहे की तिथे इतक्या आगी लागल्या, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करू, असा दम अग्निशमन दलाने भरला. धातूत ॲल्युमिनियम मिसळून आग आटोक्यात आणली गेली. पण तेल पुन्हा स्वस्त झाले आणि तेलाच्या कंपनीने बॅटरीचा नाद सोडला.

खरी परीक्षा झाली ती कॅनडात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रुडी हेरिंग यांच्या कामातून १९७७ मध्ये मोली एनर्जी ही कंपनी निघाली. ‘मोली’ हे मॉलिब्डेनमचे लाडके नाव. तिच्या धनाग्रात मॉलिब्डेनम डायसल्फाइड होते आणि ऋणाग्र निखळ लिथियम धातूचे. मधला पडदा पॉलिप्रॉपिलीनचा, सूक्ष्म छिद्रांचा. प्रयोगशाळेपुरते नव्हे, तर बाजारात विकायला काढलेले हे लिथियम धातूचे, पुन्हा भरता येणारे सेल होते आणि जपानमधल्या सुरुवातीच्या मोबाइल फोनांत ते बसले. १९८९ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एका फोनने पेट घेतला. सेल परत मागवावे लागले, कंपनी दिवाळखोरीच्या वाटेला लागली आणि पुढच्याच वर्षी जपानी भांडवलदारांच्या हाती गेली.

मोलीच्या पडझडीला लिथियम धातूचा शेवट मानण्याची पद्धत आहे. मला ती घाईची वाटते. नवा सेल आणि शंभर वेळा भरलेला सेल ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हे या प्रकरणाने महागात शिकवले. नव्या सेलला खिळा टोचा, तापवा, चेपा, तो तग धरील. पण वापरून झालेल्या सेलमध्ये तोच धातू शेवाळासारखा, प्रचंड पृष्ठफळाचा झालेला असतो आणि पडद्याच्या छिद्रांत शिरलेला असतो. सुरक्षिततेची कसोटी नव्या सेलवर घेऊन भागत नाही. ही गोष्ट तेव्हा मोलीत काम करणाऱ्या जेफ डान यांच्यासारख्या संशोधकांच्या पुढच्या आयुष्याला पुरली. बॅटरी म्हातारी कशी होते हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

तिकडे असाही केसाई कंपनीत योशिनो यांनी १९८६ मध्ये एक सरळसोट प्रयोग केला होता. स्फोटकांच्या चाचणीच्या जागी जाऊन दोन प्रकारच्या सेलांवर लोखंडाचा ठोकळा टाकला. लिथियम धातूचा सेल पेटला. कार्बनचे ऋणाग्र असलेला पेटला नाही. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणला तो कार्बनचाच सेल. त्यात लिथियम धातूच्या रूपात बसतच नाही, आयनाच्या रूपात कार्बनच्या थरांत मुक्कामाला येते. जगाने दसपट क्षमतेवर पाणी सोडले आणि झोप विकत घेतली. सौदा वाईट नव्हता.

या सौद्यात पडद्यालाही नवे काम मिळाले. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची फिल्म ताणून तिला सूक्ष्म छिद्रे पाडायची, किंवा पॉलिथिलीनमध्ये तेल मिसळून फिल्म करायची आणि मागाहून ते तेल धुऊन काढायचे, म्हणजे तेलाच्या जागी छिद्रे राहतात. जाडी सुरुवातीला २५ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळते. सेल तापला की छिद्रे बुजतात, आयनांची वाट बंद होते आणि सेल गप्प होतो. हा फ्यूजसारखा गुण मोठा उपयोगाचा. पण त्यात एक मेख आहे. ताणून केलेली फिल्म तापली की ताण विसरून आक्रसते, कढईत टाकलेल्या पापडासारखी कडेने वळते. छिद्रे बुजवून वाचवणारा पडदा त्याच क्षणी कडेने सरकून दोन्ही अग्रे उघडी पाडतो. शिवाय सेल जास्त दाटीवाटीने भरायच्या हव्यासात पडदा पातळ होत गेला, २५ चा १६, मग १२, मग ९ मायक्रॉन.

२००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सोनीने केलेल्या त्या सेलांत धातूचे सूक्ष्म कण राहून गेले होते. पडद्याला भोक पाडायला डेंड्राइटच लागतो असे नाही, कारखान्यातली धूळही पुरते, हे सगळ्यांना कळले. पडद्यावर सिरॅमिकचा लेप देण्याची कल्पना तोवर आली होतीच. जर्मनीतल्या डेगुसा कंपनीने पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडावर ॲल्युमिना आणि सिलिका बसवून ‘सेपॅरियन’ नावाचा पडदा काढला होता. कोरियातल्या एलजी केमने नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पडद्यालाच सिरॅमिकचा थर दिला. पुढे बहुतेकांनी हीच वाट धरली. कृती ऐकायला साधी आहे. ॲल्युमिनाची, म्हणजे कुरुंदाच्याच जातीची, एक मायक्रॉनहून बारीक पूड. थोडे बंधक, थोडे पाणी. हे घोटून दोन ते चार मायक्रॉनचा लेप. घराला चुना देण्यासारखेच, फक्त भिंत केसाहून पातळ आणि कित्येक किलोमीटर लांब. अलीकडे ॲल्युमिनाऐवजी बोहमाइटही वापरतात. ते मऊ असल्याने कारखान्यातले रूळ कमी झिजतात. लेप दिलेला पडदा भट्टीत १५० अंशांना ठेवला तरी आपली जागा धरून राहतो. आणखी एक फायदा: कोरे प्लॅस्टिक बॅटरीतल्या द्रवाला अळवाच्या पानासारखे झिडकारते, सिरॅमिक ते पिऊन घेते.

या दोन-चार मायक्रॉनवरून किती भांडणे झाली याची वाचकांना कल्पना नसेल. एलजी केमने एसके इनोव्हेशनला या लेपाच्या पेटंटवरून २०११ मध्ये कोर्टात खेचले. २०१४ मध्ये समेट झाला. २०१९ मध्ये पुन्हा ठिणगी पडली, या वेळी पेटंटबरोबर व्यापारी गुपितांच्या चोरीचाही आरोप होता, आणि अमेरिकेपर्यंत गेलेला हा झगडा २०२१ च्या एप्रिलमध्ये दोन लाख कोटी वॉन देऊन मिटला. तरी अपघात थांबले नाहीत. त्याच २०२१ मध्ये जनरल मोटर्सने सगळ्या बोल्ट गाड्या परत मागवल्या. एका सेलमध्ये फाटलेले अग्र आणि दुमडलेला पडदा हे दोन दोष एकत्र येण्याची शक्यता, हे त्याचे कारण. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्याच सुमारास देशात अशा आगींच्या बातम्या येत राहिल्या आणि त्याच वर्षी बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक सरकारने कडक केले. ही सगळी लिथियम-आयनची, म्हणजे सुरक्षित मानलेल्या सौद्याची कहाणी. धातूची गोष्ट याहून अवघड.

लेप दिला की लिथियम धातूही आवरता येईल, असे संशोधकांना वाटणे साहजिक होते. त्याला सिद्धांताचा आधारही होता. फ्रान्सचे शाझाल्व्हिएल यांनी १९९० मध्ये दाखवले की प्रवाह फार वाढला की धातूजवळचे आयन संपत येतात आणि उरलेल्यांसाठी फांद्या धावत सुटतात. दुष्काळात नळावर टँकर आला की जे होते तेच. २००५ मध्ये बर्कलीच्या मन्रो आणि न्यूमन यांनी हिशेब मांडला, की पडदा लिथियमच्या सुमारे दुप्पट ताठ असेल तर उंचवटे दाबले जातील. ॲल्युमिना लिथियमच्या कितीतरी पट ताठ. झाले, शेकडो प्रबंधांच्या प्रस्तावनेत हे वाक्य आले. पण हिशेब अखंड थराचा होता. लेप असतो कणांचा, आणि कणांमध्ये फटी असतात. सुईला भिंत फोडायची गरजच नसते, ती दारातून येते. २००७ मध्ये जर्मनीत मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनी लिथियम वाहून नेणारे गार्नेट जातीचे अखंड सिरॅमिक दिले, तर तिथेही लिथियम कणांच्या सांध्यांतून आणि चिरांतून पार गेले. मऊ धातू दगड कसा फोडतो? त्याचे एक उत्तर कॅलटेकच्या ज्यूलिया ग्रीर यांच्या गटाने दिले: मायक्रॉनभर जाडीचे लिथियम नेहमीच्या लिथियमच्या जवळजवळ शंभरपट कणखर असते. चाकूने कापायचे ते वेगळे आणि सुई होऊन येते ते वेगळे.

मग लेप कशाला द्यायचा? माझ्या मते इथे या इतिहासाला चांगले वळण लागले. लेप अडवण्यासाठी नसून वाटून देण्यासाठी आहे, असे काहींनी मानले. सारख्या आकाराच्या सूक्ष्म छिद्रांतून आयन सगळीकडे सारखे पोचले तर उंचवटाच उशिरा येतो. कॉर्नेलमध्ये लिंडन आर्चर यांच्या गटाने सच्छिद्र ॲल्युमिनाने हे करून दाखवले आणि ताठपणाचा आग्रह सैल केला. कोरियात २०११ मध्ये, खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या डिंकावरून सुचलेल्या पॉलिडोपामाइनचा लेप पडद्याला दिला गेला. स्टॅनफर्डचे यी कुई यांनी २०१४ मध्ये पडद्याच्या पोटात तांब्याचा अतिपातळ थर ठेवला. सुई त्या थराला टेकली की व्होल्टेज बदलते आणि पलीकडे पोचण्याआधीच वर्दी मिळते. घराला कुत्रा बांधावा तसा. २०१७ मध्ये त्यांच्याच गटाने दोन पडद्यांमध्ये सिलिकाचे कण भरले. आलेली सुई सिलिका खाऊन टाकते. हा आंद्रेचा सेलोफेन, सत्तरेक वर्षांनी नव्या वेषात. त्याच वर्षी इंडियानातल्या जियान शिए यांच्या गटाने आणखी अजब केले. पडद्याच्या लिथियमकडच्या बाजूला कार्बनचा लेप दिला आणि त्यावरही लिथियम उगवू दिले. दोन्हीकडून डेंड्राइट एकमेकांसमोर वाढले, भेटले आणि भेटल्यावर पुढे जाण्याऐवजी आडवे पसरले. शत्रूला शत्रूकडून अडवण्याची ही युक्ती मला सगळ्यांत आवडली.

आवडली म्हणून पटली असे नाही. या विषयावरचे प्रबंध वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते. ‘हजार वेळा भरली’ असे वाक्य आले की आधी पाहायचे, लिथियमचा पत्रा किती जाड होता आणि द्रव किती ओतला होता. नाण्याएवढ्या सेलमध्ये गरजेच्या दसपट लिथियम आणि भरपूर द्रव असला, तर रोज थोडे मरत गेले तरी साठा पुरतो. मोठ्या कुटुंबात एखाद्याचे कर्ज झाकले जावे तसे. गाडीच्या बॅटरीत ही चैन नाही. २०१९ मध्ये सॅन दिएगोतल्या शर्ली मेंग यांच्या गटाने मृत लिथियम मोजण्याची पद्धत काढली आणि दाखवले, की क्षमता घटते ती मुख्यतः कातडीत अडकलेल्या संयुगांमुळे नव्हे, तर तुटून एकाकी पडलेल्या धातूच्या तुकड्यांमुळे. म्हणजे सुई पडद्यापलीकडे न पोचणे एवढे पुरेसे नाही. ती तुटताही कामा नये. आग थांबवणारा लेप आणि आयुष्य वाढवणारा लेप एकच असेल असे गृहीत धरणारे निष्कर्ष म्हणूनच मला अर्धे वाटतात.

द्रव टाकून देऊन पडदा आणि आयनांची वाट एकाच घन पदार्थात आणण्याचा पर्याय जुनाच आहे. फ्रान्समध्ये बोलोरेने लिथियम धातू आणि घन पॉलिमरची बॅटरी खरोखर रस्त्यावर आणली; २०११ ते २०१८ पॅरिसच्या ऑटोलिब मोटारी तिच्यावर धावल्या. ती सतत गरम ठेवावी लागे. २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये अशा बॅटऱ्यांच्या दोन बसगाड्या जळाल्या आणि १४९ बसगाड्या काही काळ बाजूला काढाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातली क्वांटमस्केप ही कंपनी सिरॅमिकच्या अखंड पातळ पडद्यावर आपला सगळा डाव लावून बसली आहे. ती आपला मुख्य माल म्हणून ज्याचे नाव घेते तो सेपरेटर. दोनशे वर्षांत पडद्याला मिळालेला हा पहिला मान असावा.

सेल मेल्यावर आता त्याची उत्तरीय तपासणी होते. आर्गॉन वायूने भरलेल्या काचेच्या पेटीत, लांब रबरी हातमोज्यांत हात घालून, संशोधक सेलचे कवच कापतात. दगडाने ठेचत नाहीत. आधी पडदा अलगद सोडवून टिशूच्या कागदावर पसरतात, लेपाची बाजू वर करून. पांढऱ्या लेपावर लिथियमची राखाडी छाया उमटलेली असते, कुठे दाट, कुठे विरळ. आणि सुई जिथून आरपार गेली असेल तिथे टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो. तो सापडेपर्यंत कोणी अग्रांना हात लावत नाही.